तिच्याशिवाय देव होता येत नाही

दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्टच्या कामासाठी मी तीन आठवडे सॉल्ट लेक सिटीजवळ होते. क्लायंटच्या टीममध्ये माझ्याच वयाची एक मुलगी होती. दुपारचं जेवण आम्ही रोज एकत्र घ्यायचो. ती बारा वर्षांची असताना तिची आई गेली. काही वर्षांनी वडिलांनी दुसरं लग्न केलं. तेही टेम्पलमध्ये, 'सीलिंग' करून, म्हणजे अनंतकाळासाठी. आईशी त्यांचं सीलिंग आधी झालेलंच होतं. ते मोडलं नाही, मोडावं लागतही नाही. बायको वारली तर पुरुष दुसरीशीही कायमचा बांधला जाऊ शकतो. बाईचं तसं नाही. नवरा वारला तरी ती जिवंत आहे तोवर तिचं सीलिंग एकाशीच.

"म्हणजे वर गेल्यावर बाबांना दोन बायका असणार," ती सॅलडमधले ऑलिव्ह बाजूला काढत म्हणाली. "नवी आई चांगली आहे, तसं काही नाही. पण आईला कुणी विचारलं नाही ना."

मग ती हसली, आणि आम्ही त्या आठवड्यातल्या रिलीजबद्दल बोलायला लागलो.

मॉर्मन म्हटल्यावर मला तेव्हा दोनच गोष्टी माहीत होत्या. पांढरा शर्ट आणि छातीवर काळी नावपट्टी लावून फिरणारी मिशनरी पोरं, आणि 'ते लोक अनेक बायका करायचे ना?' हा प्रश्न. (चर्चला स्वतःला हल्ली मॉर्मन हा शब्द नको असतो. २०१८ पासून ते पूर्ण नाव वापरा म्हणून सांगतात. पण मी लिहितेय त्या काळात सगळे हाच शब्द वापरत, म्हणून मीही.) अनेक बायकांची प्रथा चर्चने १८९० मध्ये अधिकृतपणे थांबवली. मग माझ्या मैत्रिणीच्या आईचा प्रश्न आजही कसा उरला? त्याचं उत्तर शोधायला मी मागे मागे जात १८४० च्या दशकातल्या इलिनॉयमध्ये पोचले. तिथल्या तीन कागदांबद्दल मला बोलायचं आहे: एक प्रकटीकरण, एक मिनिट्सची वही आणि एक कविता.

आधी शब्दाची अडचण. मूळ इंग्रजी शब्द 'एक्झाल्टेशन'. मराठीत काय म्हणायचं? मी पहिल्यांदा वहीत 'मोक्ष' लिहिलं आणि लगेच खोडलं. मोक्षात सुटका असते. घरदार, नातीगोती, जन्ममरण, सगळं मागे टाकून माणूस सुटतो. इथे बरोबर उलटं आहे. इथे संसार सुटत नाही, तो अनंत होतो. नवरा, बायको, मुलं, आणि पुढेही मुलं होत राहणं, हेच सर्वोच्च बक्षीस. मुक्तीपेक्षा ही बढती जास्त आहे. देवाच्या हाताखालून देवाच्या पदापर्यंत. म्हणून मी 'देवपद' हा शब्द वापरणार आहे.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. १८३० मध्ये जोसेफ स्मिथने न्यूयॉर्क राज्यात चर्च स्थापन केलं, तेव्हा त्यात असं काही नव्हतं. १८३२ मध्ये स्वर्ग एकसंध नसून त्याचे तीन स्तर आहेत असं दर्शन त्याने आणि सिडनी रिग्डनने सांगितलं. त्यातही लग्नाचा विषय नाही. मग ओहायो झालं, मिझूरीतून हाकलणं झालं, आणि शेवटी मिसिसिपीच्या काठावर नॉव्हू नावाचं शहर उभं राहिलं. तिथे पाच वर्षांत धर्माचं रूप पालटलं. मे १८४३ मध्ये स्मिथने सांगितलं की सगळ्यांत वरच्या स्वर्गातही पुन्हा तीन पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या वरच्या पायरीवर अनंतकाळासाठी लग्न झालेल्यांनाच जाता येतं. ७ एप्रिल १८४४ ला, विहिरीतल्या अपघातात मेलेल्या किंग फॉलेट नावाच्या सहकाऱ्याच्या निमित्ताने दिलेल्या प्रवचनात, त्याने उरलेला दुवाही जोडला: देव पूर्वी माणसासारखा होता, आणि माणसाला देवासारखं व्हायला शिकावं लागतं. पुढच्या अडीच-तीन महिन्यांत जमावाने तुरुंगात घुसून त्याला मारलं.

या दोन तारखांच्या मध्ये १२ जुलै १८४३ येते. त्या दिवशी स्मिथने विल्यम क्लेटन या लेखनिकाला एक प्रकटीकरण सांगितलं. आज ते 'डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स' या ग्रंथात कलम १३२ म्हणून आहे, ६६ वचनांचं. भाऊ हायरम म्हणाला, लिहून दे, मी एमाला वाचून दाखवतो आणि पटवतो. एमा म्हणजे स्मिथची बायको. हायरम कागद घेऊन गेला आणि हात हलवत परत आला. एमाने त्यातल्या एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही, असं क्लेटनने डायरीत नोंदवलं. मूळ कागद टिकला नाही. आज आपण वाचतो तो मजकूर जोसेफ किंग्सबरी नावाच्या माणसाने केलेल्या नकलेमुळे वाचला. बॅकअपचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मी हे कलम पहिल्यांदा बसमध्ये, फोनवर वाचलं. नंतर घरी दोन रंगांचे मार्कर घेऊन प्रिंटवर वाचलं, कारण काहीतरी खटकत होतं आणि ते नेमकं काय ते कळत नव्हतं. तिसऱ्यांदा कळलं. कलमाच्या पूर्वार्धात, जिथे देवपदाचं आश्वासन आहे, तिथे सर्वनाम अनेकवचनी आहे. एखाद्या पुरुषाने या नियमाप्रमाणे बायकोशी लग्न केलं तर 'त्यांना' सांगितलं जाईल, 'ते' देवदूतांना ओलांडून जातील, 'ते' देव होतील. इंग्रजीत हे सर्वनाम लिंग लपवतं. मराठीत करायला गेले तर निवड करावी लागते: 'ते देव होतील' की 'ती दोघं देव होतील'? मागचं वाक्य बघितलं तर 'ती दोघं' हेच बरोबर. म्हणजे १८४३ मध्ये, अमेरिकेत लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता असणं ही दुर्मिळ गोष्ट असताना, एक धर्मग्रंथ सांगत होता की ती देव होईल. नवऱ्याबरोबर, त्याच वाक्यात, त्याच क्रियापदाने. मला हे वाचून खरोखर थांबायला झालं.

आणि ज्यांनी असं लग्न केलं नाही त्यांचं काय? ते वाईट लोक असतील असं नाही. पण ते कायम एकेकटे राहतील आणि देव झालेल्यांची सेवा करणारे दूत बनतील. यात पुरुषही आले. ब्रह्मचारी, संन्यासी, आयुष्यभर देवाला वाहून घेतलेला साधू, सगळे या स्वर्गात सेवेकरी. बायकोशिवाय पुरुषाला देव होता येत नाही. माझ्या माहितीत दुसऱ्या कुठल्या धर्माने पुरुषाची अशी अडवणूक केलेली नाही. आपल्याला लगेच वटपौर्णिमा आठवते, मलाही आठवली. पण ती तुलना फसवी आहे. तिथे बाई नवरा मागते. इथे पुरुषाचं पुढचं सगळं करिअर बाईवर अडलेलं आहे.

आता उत्तरार्ध. तिथे सर्वनाम बदलतं. 'ती दोघं' जातात, 'तो' येतो, आणि बायका वाक्याच्या दुसऱ्या टोकाला जातात. त्याला बायका 'दिल्या' जातात. हे क्रियापद मी मार्करने रंगवत गेले तर कागदाचा खालचा भाग पिवळा झाला. दाविदाला दिल्या, शलमोनाला दिल्या, सारेने हागारेला अब्राहामाला दिलं. एखाद्याला दहा कुमारिका दिल्या गेल्या तरी त्याचा व्यभिचार होत नाही, कारण त्या त्याच्याच आहेत. त्यांतली एखादी दुसऱ्या पुरुषाकडे गेली तर मात्र तिचा नाश. आणि मग ६३ व्या वचनात माझ्या प्रश्नाचं थेट उत्तर येतं. बाईचं देवपद कशासाठी? तर तिने वंश वाढवावा, परलोकात माणसांचे आत्मे जन्माला घालावेत. पूर्वार्धात दोघांना मिळालेलं सिंहासन उत्तरार्धात तिच्यापुरतं बाळंतिणीची खोली होतं.

पहिल्या बायकोची संमती मागितलेली आहे, हेही सांगायला हवं. पण ती कशी? तिने संमती दिली तर ठीक. तिला नियम समजावूनही तिने नकार दिला तर नवरा तिच्या संमतीच्या बंधनातून मोकळा, आणि दोषी ती. मी फॉर्म बनवणारी मुलगी आहे. ज्या चेकबॉक्सवर 'नाही' म्हटलं तरी पुढचं पान उघडतं, त्याला संमती म्हणत नाहीत.

या कलमात एकाच जिवंत बाईशी नाव घेऊन बोललेलं आहे. एमाशी. जोसेफला दिलेल्या सगळ्यांचा तिने स्वीकार करावा, तिने त्याच्याशीच एकनिष्ठ राहावं, त्याचे अपराध माफ करावेत, आणि नाही ऐकलं तर तिचा नाश होईल. सार्वकालिक म्हणून सांगितलेल्या विश्वरचनेत मध्येच एका घरातलं भांडण आहे, आणि त्या भांडणात देव एका बाजूने बोलतोय. धर्मग्रंथ म्हणून हे कसं वाचायचं ते श्रद्धावंतांनी ठरवावं. मजकूर म्हणून वाचताना मला तर इथे एमाच सगळ्यांत स्पष्ट दिसते. ती एकही शब्द बोलत नाही, पण अख्खा उत्तरार्ध तिच्या 'नाही'ला दिलेलं उत्तर आहे.

तिच्या 'नाही'ला मागची हकीकतही होती. एमाचं जोसेफशी अनंतकाळाचं सीलिंग २८ मे १८४३ ला झालं. सोळा वर्षांच्या संसारानंतर, आणि त्याची इतर अनेकींशी गुप्तपणे सीलिंग होऊन गेल्यावर. त्याच महिन्यात तिने घरात राहणाऱ्या एमिली आणि एलायझा पार्ट्रिज या बहिणींना मान्यता दिली होती. पण त्या दोघींचं स्मिथशी लग्न मार्चमध्येच झालेलं होतं. एमाच्या समाधानासाठी विधी पुन्हा केला गेला, असं एमिलीने पुढे सांगितलं. म्हणजे संमती मागितली तेव्हा निर्णय आधीच लागू झाला होता. थोड्याच दिवसांत एमाने मान्यता मागे घेतली. मला तिचा राग समजतो.

स्मिथच्या लग्नांचा आकडा किती? चर्चने २०१४ मध्ये स्वतः प्रसिद्ध केलेल्या निबंधात काळजीपूर्वक अंदाज ३० ते ४० असा दिला आहे. त्यातली सर्वांत लहान हेलन मार किंबल, पंधराव्या वाढदिवसाच्या काही महिने आधी. तिच्याबद्दल मी जरा थांबणार आहे, कारण देवपदाचा सिद्धांत प्रत्यक्ष घरात शिरल्यावर काय होतो ते तिच्याकडे पाहून कळतं. तिच्या वडिलांना, हीबर किंबल यांना, स्मिथच्या कुटुंबाशी कायमचं नातं जुळावं असं वाटत होतं. हेलनने उतारवयात मुलांसाठी जे लिहून ठेवलं त्यात ती सांगते की हे पाऊल उचललंस तर तुझं, तुझ्या वडिलांच्या घराण्याचं आणि सगळ्या नातलगांचं तारण आणि देवपद निश्चित होईल, असं तिला सांगितलं गेलं. चौदा वर्षांच्या मुलीसमोर चोवीस तासांची मुदत आणि अख्ख्या खानदानाचा स्वर्ग. यात जबरदस्ती कुठे दिसत नाही, आवाजही चढलेला नाही. ती अपरिहार्य होती, एवढंच. सगळ्यांचं देवपद तिच्यावाचून अडलं होतं.

आणि तरीही हीच हेलन पुढे १८८० च्या दशकात बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिते, ठणकावून, टीकाकारांना नावं ठेवत. ती 'ब्रेनवॉश' झाली होती असं म्हणून मोकळं होता येतं. मी तसं म्हणणार नाही. ज्या गोष्टीसाठी आपण चौदाव्या वर्षी एवढं दिलं, ती खोटी होती असं साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर म्हणायला कुठलं बळ लागतं, ते मला माहीत नाही.

२८ सप्टेंबर १८४३ ला जोसेफ आणि एमा दोघांचा टेम्पल-विधींतला सर्वोच्च अभिषेक झाला. पुरुष राजा आणि याजक, स्त्री राणी आणि याजिका. शब्द जोडीचे आहेत. पण पुढच्या काळातल्या या विधीच्या नोंदी पाहिल्या तर एक बारीक फरक दिसतो. पुरुष राजा आणि याजक होतो तो देवासाठी. बाई राणी आणि याजिका होते ती नवऱ्यासाठी. ऑर्ग चार्टमध्ये ज्याला डॉटेड लाइन म्हणतात तीसुद्धा नाही. तिची रिपोर्टिंग लाइन थेट नवऱ्याकडे, आणि तिथेच संपते.

इथवर वाचून मी कंटाळून सोडून दिलं असतं. दुसऱ्या कागदाने सोडू दिलं नाही.

१७ मार्च १८४२ ला नॉव्हूमध्ये, स्मिथच्या विटांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, वीस बायकांनी मिळून 'रिलीफ सोसायटी' स्थापन केली. एमा अध्यक्ष झाली आणि एलायझा रॉक्सी स्नो सेक्रेटरी. एलायझा तेव्हा ३८ वर्षांची, अविवाहित, शाळा चालवणारी, कवयित्री. दोन वर्षांत सभासद तेराशेच्या वर गेल्या. त्या सभांची मिनिट्स एलायझाने लिहिली, आणि ती वही आज ऑनलाइन स्कॅनमध्ये पाहता येते. चर्चनेच ती २०१६ मध्ये छापीलही आणली.

मिनिट्स या प्रकाराबद्दल माझं वैयक्तिक वैर आहे. पहिल्या नोकरीत टीममध्ये मी एकटी मुलगी होते, आणि मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम कुणीही न ठरवता माझ्याकडे आलं. एकदा मी लिहिलं होतं की अमुक मॉड्यूल मी करणार. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गेलेल्या मेलमध्ये ते 'अमुक मॉड्यूलला मी मदत करणार' असं झालं होतं. विचारल्यावर कळलं की कुणीतरी 'भाषा नीट केली'. बाकी सगळं जसंच्या तसं होतं.

म्हणून २८ एप्रिल १८४२ ची नोंद वाचताना मी ताठ बसले. त्या दिवशी स्मिथ सोसायटीत बोलायला आला. बायका आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करतात यावर कुरकूर चालली होती. त्याने बायकांची बाजू घेतली. मग, एलायझाच्या नोंदीनुसार, तो म्हणाला की देवाच्या नावाने मी किल्ली 'तुमच्याकडे' फिरवतो. मॉर्मन भाषेत किल्ली म्हणजे अधिकार. हे वाक्य दागिना नव्हे, हस्तांतरण आहे. १८५० च्या दशकात स्मिथचा अधिकृत इतिहास तयार करताना पुरुष इतिहासकारांनी हीच नोंद वापरली आणि ते वाक्य असं झालं की किल्ली मी 'तुमच्या वतीने' फिरवतो. एक शब्दयोगी अव्यय बदललं. किल्ली ज्याच्या हातात होती त्याच्या हातातच राहिली, आणि बायका दाराबाहेर आभार मानत उभ्या. आम्ही कोडमधले बदल बघायला डिफ वापरतो, लाल ओळ गेलेली, हिरवी ओळ आलेली. धर्माच्या इतिहासात इतका स्वच्छ डिफ मी दुसरा पाहिलेला नाही.

सोसायटी मात्र तेवढीही टिकली नाही. बहुपत्नीत्वाच्या अफवा गावभर होत्या. एमा सभांमधून त्याविरुद्ध बोलत होती, आणि समोर बसलेल्या काही बायका तिच्याच नवऱ्याशी गुपचूप सील झालेल्या होत्या. सेक्रेटरीसुद्धा. एलायझाचं स्मिथशी सीलिंग २९ जून १८४२ ला झालं होतं. म्हणजे अध्यक्ष बोलतेय आणि तिची सवत ते उतरवून घेतेय, असा हा दस्तऐवज. मार्च १८४४ नंतर सभा झाल्या नाहीत. स्मिथच्या खुनानंतर नेतृत्व ब्रिगहॅम यंगकडे आलं आणि १८४५ मध्ये त्याने सोसायटी बंदच केली.

त्याच वर्षी एलायझाने कविता लिहिली. नोव्हेंबर १८४५ मध्ये ती चर्चच्या 'टाइम्स अँड सीझन्स'मध्ये छापून आली, आणि आज 'ओ माय फादर' या नावाने चर्चमध्ये भजन म्हणून गायली जाते. चारच कडवी. पहिल्या दोन कडव्यांत स्वर्गातल्या पित्याला उद्देशून बोलणं आहे, घरापासून दूर आलेल्या मुलीसारखं. तिसऱ्या कडव्यात ती एक प्रश्न विचारते आणि स्वतःच उत्तर देते. स्वर्गात आईबाप एकेकटे असतात का? छे, ही कल्पनाच बुद्धीला पटत नाही. म्हणजे तिथे माझी आईही आहे.

मला या कडव्यातली श्रद्धा जेवढी आवडते त्याहून त्यातला युक्तिवाद आवडतो. तिला दृष्टान्त झाला असं ती म्हणत नाही. ती अनुमान काढते. स्मिथने नियम सांगितला होता की जोडीदाराशिवाय कुणीही देवपदाला जात नाही. ठीक आहे. मग जो आधीच देव आहे, त्याच्याजवळ कोण आहे? पुरुष धर्मगुरू नियम खाली, भक्तांवर लावत होते. एलायझाने तोच नियम वर लावून पाहिला. स्मिथने ही शिकवण खासगीत दिल्याच्या आठवणी पुढे काही बायकांनी सांगितल्या आहेत. झीना हंटिंग्टनची आई वारली तेव्हा तुला तिथे स्वर्गातली आईही भेटेल असं स्मिथने तिला सांगितलं, ही त्यातली प्रसिद्ध आठवण. तरी घराघरांत ती आई पोचली ती एलायझाच्या गाण्यामुळे. पुरुषांच्या सिंहासनासाठी अट म्हणून आलेली बाई इथे पहिल्यांदा कुणाच्या तरी मनात भेटावीशी वाटणारी व्यक्ती होते. आणि चौथ्या कडव्यात कवयित्री परतायची परवानगी दोघांकडे मागते, बापाकडे आणि आईकडेही.

पुढचं पाऊल उघड होतं. आई आहे, तर तिची प्रार्थना करायची का? ऑर्सन प्रॅट या बुद्धिमान धर्मनेत्याने १८५३ मध्ये 'द सीअर' या नियतकालिकात हा प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आणि उत्तर दिलं: नाही. पिता कुटुंबप्रमुख आहे, त्याच्या बायका आणि मुलं त्याच्या आज्ञेत असतात. बायका, अनेकवचन. एलायझाची एक आई आठ वर्षांत अनेक झाली आणि मुलांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. १९९१ मध्ये गॉर्डन हिंकली या नेत्यानेही स्वर्गीय मातेची प्रार्थना करणं योग्य नाही असंच सांगितलं. ती आहे, हे चर्चने २०१५ च्या निबंधात पुन्हा मान्य केलं. फक्त तिच्याशी बोलायचं नाही.

याच प्रॅटने २९ ऑगस्ट १८५२ ला सॉल्ट लेक सिटीत बहुपत्नीत्व पहिल्यांदा जाहीर केलं आणि कलम १३२ लोकांसमोर वाचलं गेलं. आदल्या दिवशी त्याच परिषदेत जगभर पाठवायचे मिशनरी निवडले होते, त्यात हिंदुस्थानसाठीही काही होते. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी ब्रिटनमधून त्याच वर्षी मुंबईला पोचला आणि पुढे पुण्याच्या छावणीतही प्रचार करत होता. बहुपत्नीत्वाची बातमी मागोमाग येऊन थडकली आणि त्याचं काम आणखी अवघड झालं. काही वर्षांत हे मिशन गुंडाळलं गेलं. मी रोज कॅम्पातून ऑफिसला जाते. तिथे कुणीतरी कधीकाळी या कलमाबद्दल कपाळाला हात लावून बसला असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

या सगळ्यावरचं सर्वांत चांगलं पुस्तक म्हणजे लॉरेल थॅचर उलरिक यांचं 'अ हाउस फुल ऑफ फीमेल्स', २०१७ चं. उलरिक हार्वर्डच्या इतिहासकार, पुलित्झर मिळालेल्या, आणि स्वतः मॉर्मन. त्या डायऱ्या, पत्रं, गोधड्या, सुईणीच्या नोंदी यांतून बायकांचं रोजचं जगणं उभं करतात. पुस्तक सुरू होतं ते जानेवारी १८७० मधल्या सभेपासून. बहुपत्नीत्वाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये कायदा येऊ घातला होता, आणि सॉल्ट लेक सिटीत हजारो मॉर्मन बायका त्याच्या निषेधाला जमल्या. पुढच्याच महिन्यात युटाच्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला. अमेरिकेतल्या बहुतेक बायकांच्या पन्नास वर्षं आधी. आम्हाला गुलाम समजणाऱ्यांनो, बघा आम्ही मत देतो, असा तो प्रकार. (१८८७ मध्ये काँग्रेसने बहुपत्नीत्व मोडायच्या कायद्यातच तो हक्क काढूनही घेतला. १८९६ मध्ये परत मिळाला. त्याच वर्षी डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन अमेरिकेतली पहिली महिला स्टेट सिनेटर झाली. त्या निवडणुकीत तिचा नवराही उभा होता. ती त्याची चौथी बायको. तो हरला.)

उलरिक यांचं म्हणणं असं की या बायकांना बळी किंवा बाहुल्या म्हणणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय आहे. त्यांनी एकत्र राहून, एकमेकींची बाळंतपणं करून, सभा चालवून स्वतःची ताकद उभी केली. हे मला पटतं. पण पुस्तक वाचून संपवल्यावर एक तक्रार उरते. डायऱ्यांवर एवढं प्रेम करणारी इतिहासकार सिद्धांतापाशी घाईत वाटते. बायकांनी त्या चौकटीत काय काय केलं हे शेकडो पानं सांगतात. चौकटीने त्यांच्यासाठी कुठली जागा ठेवली होती, हे मला पुन्हा कलम १३२ उघडूनच बघावं लागलं. आणि तिथे हेच दिसतं की गरज आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाईशिवाय देवाचं पान हलत नाही असं म्हणणारा धर्म तिला पानावर सही करू देत नाही. माझ्या पिढीच्या मुलींना हे ओळखीचं वाटेल. 'तुझ्याशिवाय हा प्रोजेक्ट झालाच नसता' हे वाक्य मी दर अप्रेझलला ऐकते, आणि ते खरंही असतं.

उलरिक यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करते. एलायझा आयुष्यभर सिद्धांताची कट्टर समर्थक राहिली. ती पुढे ब्रिगहॅम यंगची बायको झाली, आज्ञापालनावर भाषणं देत फिरली, बायकांनी पुरुषांच्या नेतृत्वाखाली राहावं असंही म्हणाली. तिला आजच्या अर्थाने बंडखोर म्हणणं म्हणजे पुन्हा तिची मिनिट्स 'नीट' करणं होईल. पण १८४६ मध्ये नॉव्हू सोडून हे लोक बैलगाड्यांनी निघाले, तेव्हा तिने काय बरोबर घेतलं? ती वही. प्रेअरी, नद्या, बर्फ, तेराशे मैल. यंगने जी संस्था बंद केली होती तिची वही. दोन दशकांनी त्याच यंगने वॉर्डावॉर्डांत रिलीफ सोसायटी पुन्हा सुरू करायला तिला पाठवलं, तेव्हा तिने तीच वही काढली आणि संस्था कशी चालायची ते तिच्या आधारे बायकांना शिकवलं. छापील इतिहासात किल्ली 'तुमच्या वतीने' फिरलेली असताना, तिच्या जवळच्या कागदावर ती 'तुमच्याकडे'च होती. तिने त्यावर वाद घातल्याचं माझ्या वाचनात नाही. तिने खाडाखोडही केली नाही.

आजाऱ्यांवर हात ठेवायची बायकांची प्रथा तिच्यानंतरही कित्येक वर्षं चालली. १९४६ मध्ये चर्चच्या एका पत्राने ती संपली. २०१९ मध्ये टेम्पलमधल्या विधींची भाषा बदलली, आणि बायका आता नवऱ्यामार्फत नव्हे तर थेट देवाशी करार करतात, अशा बातम्या आल्या. सीलिंगचा नियम मात्र जिथे होता तिथेच आहे.

वहीतल्या २८ एप्रिलच्या पानाची लिंक मी माझ्या मैत्रिणीला पाठवली. एलायझाचं अक्षर सुरेख आहे, किंचित उजवीकडे झुकलेलं. सोबत बदललेल्या वाक्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. तिचा रिप्लाय दुसऱ्या दिवशी आमच्या रात्री आला. तिने लिहिलं होतं की एवढी वर्षं दर रविवारी जाते, पण हे पान कधी पाहिलं नव्हतं. खाली आणखी एक ओळ होती.

"बाबांना पाठवू का, विचार करतेय."